धाकट्याची मिशी

आप्पा, धाकट्याची मिशी पुन्हा वाढायला लागली आहे. तुम्हाला हे आवडणार नाही, म्हणून आधीच सांगून टाकते. मी खांदेश्वरला माझ्या घरी, गॅलरीतल्या शिलाई मशीनवर कागद ठेवून लिहिते आहे. आई आत पडली आहे आणि धाकटा कामावर गेला आहे. हो, कामावर, आणि तेही तुमच्याच कळंबोलीत. पेपर वाचताना तुम्ही एकेका शब्दावर बोट ठेवायचात, तसं ठेवून हे पुन्हा वाचा, म्हणजे विश्वास बसेल. तुम्ही गेल्यापासून इतकं काही झालं, पण कधी लिहावंसं वाटलं नाही. आज वाटतंय, कारण जे सांगायचं आहे ते ऐकून घेईल असं दुसरं माणूस मला सापडत नाही. आईला सांगितलं तर ती म्हणेल, मी सांगत होते.

रविवारची सकाळ मला सगळ्यात आधी आठवते. कळंबोलीची आपली खोली, मोरीच्या उंबऱ्याला लागून ठेवलेला पाट, पाटावर धाकटा, त्याच्या गळ्याभोवती जुना टॉवेल. तुम्ही त्याच्यासमोर उकिडवे बसलेले. ब्रश गालावर फिरला की त्याला गुदगुल्या होतात, तो गाल फुगवतो, हाताला लागलेला फेस तुमच्या नाकाला लावतो आणि तुम्ही खोटंखोटं दटावता. आठवडाभर मार्केटात सळ्या आणि पत्रे उचलून तुमची बोटं चिरा पडून काळी झालेली असायची, पण त्याच्या ओठावर ती अशी हलकी चालायची की मला नवल वाटायचं. माझी वेणी घालताना हेच हात केस उपटून काढायचे. तुमची स्वतःची मिशी मात्र काय तोऱ्यात असायची. हमालांच्या टोळीत तुम्हाला मिशीवरून ओळखायचे. आरशात बघून तुम्ही तिच्या दोन्ही टोकांना पीळ द्यायचात, आणि मग लेकाच्या ओठावरची कोवळी मिशी सफाचट करून टाकायचात.

गावाकडून काका आले की यावरून वाद व्हायचा. आपल्यात बाप असताना मुलगा मिशी काढत नाही. ती काढायची बाप गेल्यावर, दहाव्याला, नदीवर. काका चहाचा कप तसाच खाली ठेवून म्हणायचे, तू धडधाकट समोर बसलायस आणि पोराची मिशी काढतोस, हा काय अभद्रपणा. एकदा तुम्ही वस्तरा धुता धुता त्यांना शांतपणे म्हणालात, "मी जिता हाय म्हणूनच काढतोय." काकांना ते कळलं नाही. मलाही नाही कळलं.

मी तेव्हा नुकती शिवण शिकायला जात होते आणि बऱ्यापैकी तोंडाळ होते. पुढच्या रविवारी म्हटलं, राहू द्या की त्याला मिशी, तुमच्यासारखा रुबाबदार दिसेल. तुम्ही वस्तरा खाली ठेवलात. मला वाटलं आता एक बसणार. पण तुम्ही माझ्याकडे न बघता, धाकट्याच्या तोंडाकडे बघत बोललात. "पोरगं दिसतंय तवर लोक हसत्यात. बाप्या दिसला की मारत्यात." आणि मग, एरवी चार वाक्यं सलग न बोलणारे तुम्ही, मला मार्केटातली गोष्ट सांगितलीत. एक मुका माणूस तिथे फिरायचा, दाढीमिशीचा, डोक्याने धाकट्यासारखाच. कुणा ड्रायव्हरची लहान पोर ट्रकमध्ये बसली होती, तिला त्याने आपल्या हातातले चणे देऊ केले. एवढंच केलं त्याने. लोकांनी त्याला चाकाशी आपटला. तुमच्या डोक्यावर ओझं होतं, ते उतरवून तुम्ही पोहोचेपर्यंत सगळं होऊन गेलं होतं. मेला का तो, असं मी विचारलं. तुम्ही धाकट्याची हनुवटी वर केलीत आणि उरलेला ओठ साफ केलात.

त्यानंतर मी कधी विचारलं नाही. उलट तुमच्याच बाजूने कामाला लागले. हाफपँटच शिव, इलॅस्टिकची, असं तुम्ही सांगायचात आणि मी दरवर्षी आधीपेक्षा मोठी हाफपँट शिवायचे. कार्टूनचा टीशर्ट, पाठीला दप्तर, गळ्यात पाण्याची बाटली. तो उंचीने तुमच्या खांद्याला लागला, मग तुमच्याही वर गेला, आणि तरी शाळेच्या रिक्षात लहान पोरांच्या मधे गुडघे पोटाशी घेऊन बसायचा. त्याच्या शाळेच्या पाटीवर तेव्हा जो शब्द होता तो आता वापरत नाहीत. नवा शब्द जरा लांबलचक आहे, पण टोचत नाही. शाळेत त्याला फार काही आलं नाही असं तुम्ही म्हणायचात, पण एक गोष्ट त्याला पक्की आली. बुटाची नाडी बांधायची. बाई लहान मुलांना त्याच्याकडेच पाठवायच्या. पुढे पुढे कुणाचीही नाडी सुटलेली दिसली की धाकटा खाली वाकणारच, मग तो रस्ता असो की लग्नाचा मांडव. तुमच्या जावयाची नाडी त्याने आमच्या साखरपुड्यात बांधली आहे.

अठरा पूर्ण झाली आणि शाळा संपली. बाईंनी पेढे दिले, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. पुढे काय, असं तुम्ही विचारलंत तर त्या खाली बघून म्हणाल्या की आमच्याकडे एवढंच, पुढचं घरच्यांनी बघायचं. सोमवारी तो आंघोळ करून, दप्तर लावून नाक्यावर उभा. रिक्षा आली. रिक्षावाल्याने त्याला बघून हात केला आणि न थांबता पुढे गेला. तो दुपारपर्यंत तिथेच उभा होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा. आई त्याला ओढून घरात आणायची आणि त्याला वाटायचं की आईमुळेच आपली रिक्षा चुकते. तुम्ही संध्याकाळी घरी आलात की तो तुमच्याकडे तिची तक्रार करायचा. तुम्ही म्हणायचात, उद्या बघू.

त्यातलं काही बघायच्या आतच तुम्ही गेलात. मार्केटात, चहा पिता पिता. तुम्हाला गावी नेलं. अग्नी कुणी द्यायचा हा प्रश्नच निघाला नाही, काकांच्या मुलाने, दादाने दिला. दहाव्याला बायका नदीवर जात नाहीत, पण धाकट्याला सांभाळायला म्हणून मला नेलं, म्हणून मला ते बघायला मिळालं. न्हावी एका दगडावर बसला होता. भावकीतले पुरुष एकेक करून त्याच्यापुढे डोकं वाकवत होते आणि उठताना त्यांचे ओठ पांढरे, उघडे पडलेले दिसत होते, काकासुद्धा ओळखू येईनात. धाकट्याला वाटलं आज रविवार आहे. तो आपण होऊन रांगेत उभा राहिला, पाळी आल्यावर बसला आणि त्याने गाल फुगवले. न्हाव्याने त्याच्या ओठावरून अंगठा फिरवला आणि काकांकडे बघून म्हणाला, "ह्याचं काय काढू? ह्याची आधीच काढलीया." काका म्हणाले, राहू द्या, त्याला काय कळतंय, उठवा त्याला. तो उठेना. गाल फुगवून तसाच बसून राहिला. शेवटी मी त्याला काखेत धरून उठवलं. सगळ्या भावकीची मिशी तुमच्यासाठी उतरली, आप्पा, फक्त तुमच्या मुलाची नाही.

कळंबोलीला परत आल्यावर तो दार उघडं टाकून बसायचा. आई त्याला सांगायची, आप्पांची पाळी हाय, कामावर गेल्यात. फोटो भिंतीवर चढला, त्याला हार आला, तरी तुमची पाळी काही संपली नाही. तिला त्याच्यासमोर तो शब्द उच्चारता येत नव्हता आणि मग इतकी वर्षं गेली की आता कशाला, असं होऊन गेलं. नाक्यावरचा न्हावी दर रविवारी, आईच्या सांगण्यावरून, त्याचा ओठ साफ करत राहिला. मग मी दोघांना माझ्याकडे खांदेश्वरला आणलं. तुमचा जावई तसा कुरकुऱ्या माणूस, पण या बाबतीत त्याने चकार शब्द काढला नाही.

इथे आमच्या जवळ एक केंद्र आहे. शाळा संपलेल्या अशा मुलांना तिथे कामं शिकवतात. 'मुलांना' म्हटलं की तिथली ताई मला दुरुस्त करते. माझ्याहून बरीच लहान आहे, गळ्यात ओळखपत्र, पायात कॅनव्हासचे बूट. पहिल्या दिवशी तिने मला विचारलं, "ह्यांना काय आवडतं?" मी मागे वळून पाहिलं, कोण आलं म्हणून. धाकट्याला अहोजाहो करणारं जगातलं पहिलं माणूस ते. पुढे तिने हाफपँटबद्दल विचारलं, ओठाबद्दल विचारलं, तेव्हा मला राग आला आणि मी तुमचं वाक्य तिच्या तोंडावर फेकलं, मुक्या माणसाच्या गोष्टीसकट. ती वाद घालेल असं वाटलं होतं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली की वडिलांची भीती खरी होती, पण ह्यांचं अख्खं आयुष्य त्या भीतीत बसवायचं का, ते ह्यांना तरी विचारा. तिनेच विचारलं, मिशी ठेवायची का. उत्तर त्याने घरी येऊन दिलं. तुमच्या फोटोसमोर उभा राहिला, काचेवर तुमच्या मिशीवर बोट ठेवलं आणि मग तेच बोट स्वतःच्या ओठावर ठेवलं.

मी त्याला फुलपँट शिवली. चेन लावायला शिकायला त्याला बरेच दिवस लागले आणि त्या दिवसांत आमच्या घरात जे हसू झालं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. केंद्रात त्याला स्वतःची दाढी करायला शिकवलं. मग मी तुमचा दाढीचा स्टीलचा डबा काढून त्याच्या हातात दिला. मिशी भरायला लागली, आणि आप्पा, ती हुबेहूब तुमची आहे, डावीकडे जरा खाली झुकणारी. एका सकाळी तो आंघोळ करून, फुलपँट घालून बाहेर आला आणि भाजी निवडत बसलेल्या आईने चटकन डोक्यावरचा पदर सारखा केला. मग तिच्या लक्षात आलं. मेथीची जुडी तशीच मांडीवर ठेवून ती कितीतरी वेळ रडली. मिशीला तिचा विरोध मात्र तेवढ्याने संपला नाही.

पुढे ताईने त्याच्यासाठी काम शोधलं. कळंबोलीत एक लाँड्री आहे, हॉटेलांच्या चादरी धुणारी. धाकटा घड्या घालतो. कोपऱ्याला कोपरा लावल्याशिवाय तो चादर हातातून सोडत नाही, मालक खूश आहेत. सुरुवातीला ताई त्याच्या सोबत जायची, मग अर्ध्यापर्यंत, मग शेअर रिक्षाच्या स्टँडपर्यंत, मग फोनवर. कळंबोली म्हटल्यावर तो पहिल्या दिवसापासून पळतच निघाला होता. आम्ही सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं. मालकांनी मला नंतर सांगितलं की जेवणाच्या सुट्टीत तो गेटवर उभा राहून समोरून जाणारे ट्रक बघतो, त्यांच्यावर बसलेली माणसं निरखून बघतो. कुणाला शोधतो ते मला माहीत होतं. मी मालकांना म्हटलं, त्याला गाड्या आवडतात.

मागच्या महिन्यात ते झालं. सकाळची वेळ, रिक्षास्टँडवर गर्दी. शाळेच्या गणवेशातली एक लहान मुलगी आजीसोबत उभी होती, आजी फोनवर बोलत होती. मुलीच्या बुटाची नाडी सुटली होती. पुढचं तुम्हाला सांगायला नको. धाकटा खाली वाकला, तिचा पाय स्वतःच्या गुडघ्यावर घेतला. आजी वळून बघते तर एक मिशीवाला बाप्या नातीचा पाय धरून बसलेला. ती ओरडली. मला फोन आला आणि मी चपला न घालता धावले, तेव्हा तो स्टँडच्या खांबाला टेकून बसला होता. ओठ फाटलेला, शर्टाची बटणं गेलेली. गळ्यातलं ओळखपत्र त्याने दोन्ही हातांनी पुढे धरलं होतं, ताईने शिकवल्याप्रमाणे, पण मारताना कोण वाचतो. मी मोठ्याने बोलायला लागल्यावर एकजण, वाईट माणूस नव्हता तो, अगदी ओशाळून म्हणाला, "ताई, आमाला काय माहीत? चांगला मोठा माणूस दिसतोय. लहान पोरगं असतं तर कोण हात लावनार होतं?" आप्पा, तुमचंच वाक्य. फक्त तुम्ही ते कितीतरी वर्षं आधी, मोरीच्या उंबऱ्याशी बसून सांगितलं होतंत. ती मुलगी रडत होती, मारामारी बघून. सारखं आजीला सांगत होती की काकांनी नाडी बांधली. धाकट्याला काका म्हणणारंही ते पहिलंच माणूस. नाडी खरंच बांधलेली होती, दुहेरी गाठ मारून.

ओठाची सूज उतरेपर्यंत आई थांबली. मग एका सकाळी तिने मोरीपाशी पाट ठेवला, तुमचा डबा आणला, जुना टॉवेल आणला आणि मला म्हणाली, "काढ. तुझे आप्पा येडे नव्हते." ताईने फोनवर बजावलं होतं की काहीही करायचं तर आधी त्यांना स्वतःला विचारा. मी नाही विचारलं. माझ्या डोळ्यासमोरून तो खांब हलत नव्हता. धाकटा पाटावर येऊन बसला, सवयीने गाल फुगवले. मी तुमच्यासारखी उकिडवी बसले. दुखरा ओठ होता, म्हणून सावकाश काढली. केस टॉवेलवर पडले. तो टॉवेलकडे बघत राहिला.

झाल्यावर त्याने ओठावरून हात फिरवला. एकदा, दोनदा. मग उठला आणि तुमच्या फोटोसमोर जाऊन उभा राहिला. मला वाटलं पुन्हा मिशीवर बोट ठेवील. त्याने हात लावला नाही. माझ्याकडे वळून म्हणाला, "माझी पण काढली." मी म्हटलं, हो राजा, परत येईल. त्याने मान हलवली. "काकांची काढली. दादाची काढली. आता माझी पण काढली." आणि मग, आप्पा, त्याच्या तोंडातून तो शब्द आला जो आई इतकी वर्षं गिळत होती. "आप्पा मेले."

तो खाली बसला आणि रडला. लहान पोरासारखा नाही. नदीवर काका रडले होते तसा, आवाज आत ओढून. आई दारातच उभी होती, तिला पुढे येता येईना. म्हणजे त्याला नदीवरचं सगळं आठवत होतं. सगळ्यांची उतरली आणि आपल्याला उठवलं, म्हणजे आपले आप्पा गेलेले नाहीत, असं त्याने धरलं असणार. त्या हिशेबाने तो कळंबोलीच्या गेटवर उभा राहत होता. तुम्ही त्याला वाचवायला म्हणून वस्तरा फिरवलात, मीही तेवढ्याचसाठी फिरवला, आणि आपण दोघांनी मिळून त्याचं काय केलं हे मला अजून नीट सांगता येत नाही. त्या दिवशी आमच्या घरात तुमचं सुतक होतं, आप्पा. आईने चूल पेटवली नाही, म्हणजे गॅस. शेजारणीने पिठलं-भात आणून दिला आणि काय झालं म्हणून विचारलं. धाकट्यानेच सांगितलं, माझे वडील वारले. ती माझ्याकडे बघत राहिली.

नंतर ताई घरी आली, त्याच्यासमोर जमिनीवर बसली आणि विचारलं, मिशी ठेवायची का. आई बोलायला लागली तर ताईने तिचा हात धरला. तो म्हणाला, ठेवणार. कामावर जायचं का, तर जाणार. आता लाँड्रीच्या गेटवर तो उभा राहत नाही म्हणतात. तिथली माणसं जेवायला बसतात, त्यांच्यात बसतो. एकटा मात्र तो जात नव्हता, रोज कुणीतरी सोबत असायचं. आज सकाळी डबा घेऊन दारात उभा राहिला आणि मला हाताने मागे सारलं. एकटा.

आईला मी सांगितलं, गेला एकटा. खरं म्हणजे मी पिशवी घेऊन, भाजी आणायला निघाल्यासारखी त्याच्या मागून गेले. स्टँडवर गर्दी होती, शाळेची मुलं होती. त्याच्या अगदी पुढ्यात एक मुलगा उभा होता आणि त्याची नाडी सुटून मातीत लोळत होती. धाकट्याने ती पाहिली. मला मागून दिसलं, त्याची मान खाली गेली, गुडघे किंचित वाकले. मग त्याने दोन्ही हात खिशात घातले, मीच शिवलेल्या खोल खिशांत, मनगटापर्यंत, आणि तोंड दुसरीकडे फिरवलं. रिक्षा आली. मुलगा त्या नाडीवर पाय देत चढला. धाकटा पुढच्या रिक्षाची वाट बघत उभा राहिला.

हे पत्र कुठे टाकायचं कळत नाही. तुमच्या डब्यात ठेवलं असतं, पण तो डबा आता त्याचा आहे, रोज सकाळी उघडतो. मशीनच्या खणात ठेवीन, दोऱ्यांच्या रिळांखाली. त्याची यायची वेळ झाली आहे आणि माझं लक्ष रस्त्याकडे आहे. एकच राहिलं. त्याने ते हात खिशात घातले, तेव्हा मला तिथेच रडू यायला हवं होतं. मला बरं वाटलं, आप्पा.